उस्तादांच्या नावाचा चेक

हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला बिलाची खिडकी होती. त्या खिडकीतला कारकून वर न बघता दर खेपेला एकच प्रश्न विचारायचा, "काय वहिनी, उस्ताद बरे ना?" आणि वहिनी, म्हणजे उस्तादांच्या बायको, दर खेपेला एकच उत्तर द्यायच्या, "बरे आहेत." मग तो उस्तादांच्या कामाचा चेक पुढे सरकवायचा, वहिनी वहीत सही करून तो पर्समध्ये घालायच्या आणि चालू लागायच्या. उस्तादांच्या तब्येतीशी त्या कारकुनाला काडीचं देणंघेणं नव्हतं, आणि वहिनींनाही ते पक्कं ठाऊक होतं. विचारायचं म्हणून विचारायचं, सांगायचं म्हणून सांगायचं. जगातलं निम्मं बोलणं असलंच असतं.

तर उस्ताद गेल्यानंतर वहिनी पहिल्यांदा त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या. सांगायचंच म्हणून आल्या होत्या. काय बोलायचं ते रस्ताभर मनात जुळवत आणलं होतं. तेवढ्यात त्याने विचारलं, "काय वहिनी, उस्ताद बरे ना?" आणि वहिनींच्या तोंडून निघून गेलं, "बरे आहेत."

झालं! आता कुणी म्हणेल, बाई आतल्या गाठीची, पैशांसाठी खोटं बोलली. म्हणणाऱ्यांचं तोंड कोण धरणार? पण खरं सांगायचं तर त्या घटकेला पैशांचा विचार बाईच्या डोक्यातही नव्हता. जिभेला वळण पडलं होतं, ती त्या वळणाने गेली. चेक हातात आला, त्यावर उस्तादांचं पूर्ण नाव दिसलं आणि त्या ते वाचतच राहिल्या. "अहो थांबा, चुकलं माझं" हे शब्द पोटात राहिले ते राहिलेच. मागे रांगेत माणसं होती. वहिनी बाजूला झाल्या.

उस्ताद बूट करायचे. साधे नाहीत. एक पाय आखूड असलेल्यांचे, टाच वाकडी झालेल्यांचे, अपघातात बोटं गेलेल्यांचे. हॉस्पिटलातून चिठ्ठी घेऊन माणूस यायचा, बूट करून घ्यायचा, आणि पैसे हॉस्पिटल द्यायचं, तेही अगदी सावकाश, महिनोन्महिने लावून, चेकने. एका टायरच्या दुकानामागच्या आवारात उस्तादांच्या कामाच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत भिंतीभर लाकडी फर्मे टांगलेले, प्रत्येक गिऱ्हाइकाच्या पायाबरहुकूम कोरलेला एकेक लाकडी पाय. नवीन माणूस आत आला की आधी दचकायचाच. आतल्या खोलीत वहिनींचं शिलाईचं मशीन. बुटाचं वरचं चामडं कापायचं, शिवायचं, अस्तर लावायचं काम वहिनींचं. तळ, टाच, आणि आखूड पायाखाली चढवायचे बुचाचे थर, हे उस्तादांचं. लग्न झाल्यापासून हीच वाटणी. मूलबाळ नव्हतं. दिवसभर दोघं एकमेकांकडे पाठ करून बसायची आणि मान न वळवता भांडायची.

उस्तादांची एक खोड होती. बुचाचा थर ते आधी नुसता चार खिळ्यांवर अडकवायचे आणि गिऱ्हाइकाला म्हणायचे, "चला, जरा आवारात फिरून या." तो चालायला लागला की स्वतः तोंड भिंतीकडे करून बसायचे. बघायचे नाहीत, ऐकायचे. मधेच बोलवून बूट काढून घ्यायचे, रापीच्या पात्याने बुचाची पातळ साल काढायचे, परत चालवायचे. दोन्ही पावलं सारखी वाजेपर्यंत सुटका नाही. लोक वैतागायचे. "अहो उस्ताद, बूट न्यायला आलोय, शर्यतीला नाही!" पण उस्तादांच्या बुटाने कुणाच्या पायाला फोड आला, असं कुणी कधी ऐकलं नव्हतं.

चेक आणायचा आणि बँकेत भरायचा, हे पहिल्यापासून वहिनींकडे. उस्ताद फक्त तो उजेडात धरायचे आणि म्हणायचे, "बघू बघू, माझंच नाव आहे ना? नाहीतर चामडं कुटायचं मी आणि श्रीमंत व्हायचा भलताच कुणीतरी." दर वेळी तोच विनोद. वहिनी दर वेळी म्हणायच्या, "पुरे झालं, द्या इकडे." खातं एकट्या उस्तादांचं होतं. दोघांच्या नावाने करून घेऊ, करून घेऊ म्हणता म्हणता राहून गेलं. घरोघरी असंच राहून जातं.

ते गेले तेही परगावी. चामडं आणायला गेले होते. बस स्टँडच्या बाकावर बसल्याबसल्या गेले. शेजारच्या माणसाला वाटलं, म्हाताऱ्याचा डोळा लागलाय. नात्यातल्यांना कळलं, घराशेजारी कळलं, आवारात कळलं. टायरवाल्याने त्या दिवशी दुकान बंद ठेवलं. पण हॉस्पिटलला कोण कळवणार? आणि गिऱ्हाइकं तर वर्षादोन वर्षांनी तोंड दाखवणारी.

खिडकीवरून आणलेला चेक वहिनींनी दिराला दाखवला आणि काय करू म्हणून विचारलं. ही त्यांची दुसरी चूक. दीर विमा विकायचा. त्यामुळे मरणाच्या बाबतीत आपल्याएवढं कळतं कुणाला, असा त्याचा एकूण थाट.

"वहिनी, तू एक शब्द बोलू नकोस," तो म्हणाला. "बँकेला कळलं की खातं बंद. मग दाखला आण, वारसाचा कागद आण, कोर्टाच्या पायऱ्या झिजव. तोवर खाशील काय? दादाच्याच कामाचे पैसे आहेत, चोरीचे आहेत का? अजून दोनतीन चेक यायचेत, ते येऊन जाऊ देत. मग सांगू सावकाश. कार्ड घरात आहे, नंबर तुला पाठ आहे. चेक काय, पेटीत टाकायचा. पेटी काही विचारत नाही."

पेटीने खरंच काही विचारलं नाही. वहिनींनी स्लिप भरली, चेकच्या पाठीवर उस्तादांचं नाव आणि खात्याचा नंबर लिहिला. हात असा लिहीत होता जणू काही झालंच नाही. चेक अर्धा फटीत गेला आणि अर्धा त्यांच्या चिमटीत राहिला. मागचा माणूस म्हणाला, "बाई, टाका की." टाकला. चार दिवसांनी पैसे काढायला मशीनमध्ये कार्ड घातलं, तर पडद्यावर उस्तादांचं नाव झळकलं आणि खाली अक्षरं आली, आपलं स्वागत आहे. वहिनींना तिथेच हुंदका फुटला. रांगेतल्या लोकांना वाटलं, बिचारीच्या खात्यात काही उरलेलं दिसत नाही. एकीने पाण्याची बाटली पुढे केली.

चेक फक्त उस्तादांच्या केलेल्या कामाचे असते तर प्रकरण तिथेच मिटलं असतं. पण माणूस बरा आहे म्हटल्यावर हॉस्पिटल नवी कामं पाठवणारच की! चिठ्ठी घेऊन पहिला गडी दारात उभा राहिला, तेव्हा नाही म्हणायला वहिनींनी तोंड उघडलं होतं. पण मागे भिंतीवर त्याचा फर्मा टांगलेला, मशीनवर दोरा ओवलेला, आणि दुपार तर नुसती खायला उठायची. रिकामे हात घेऊन बसणं त्यांना कधी जमलंच नव्हतं. त्यांनी चिठ्ठी घेतली. "उस्तादांना बरं नाही," म्हणाल्या, "घरीच बसून करतात हल्ली. तुमचा फर्मा आहेच. झाले की मीच आणून देईन."

वरचं काम हातातलंच होतं. तळाचं इतकी वर्षं पाठीमागे चाललेलं ऐकलं होतं, बघितलं होतं, त्यावरून भांडणंही केली होती. पहिला जोड दोनदा उसवला. अंगठ्यात आरीचं टोक गेलं. शेवटी बूट उभा राहिला आणि वहिनींनी तो टेबलावर ठेवून लांबून, जवळून, तिरक्या मानेने बघितला. मग घाबऱ्याघुबऱ्या कागदात गुंडाळून पोचवून आल्या. तक्रार आली नाही. दुसरा केला. तिसरा केला.

एकच गोष्ट करता येत नव्हती. गिऱ्हाइकाला आवारात चालवता येत नव्हतं. चालवायचं तर आत घ्यायला हवं, आत घेतलं की तो विचारणार, उस्ताद कुठेत? घरी पडून असलेला माणूस पावलं कशी ऐकतो? म्हणून दारातूनच बोलणं, जुन्या फर्म्यावर काम, आणि बूट घरपोच. आपण उस्तादांचं सगळं करतोय आणि नेमकं तेवढंच गाळतोय, हे वहिनींना कळत नव्हतं असं नाही. कळत होतं.

टायरवाल्याला त्यांनी विश्वासात घेतलं होतं. भला माणूस, पण खोटं त्याच्या हातात दिलं की ऊतूच जायचं. कुणी उस्तादांची चौकशी केली की "बरं नाही" एवढ्यावर थांबेल तर शपथ! आधी त्याने उस्तादांना कंबरदुखी लावली. मग खोकला. मग म्हणे डोळ्याचं ऑपरेशन झालंय, उजेड सोसत नाही.

"अहो, हे काय चालवलंयत?" वहिनी कपाळाला हात लावायच्या.

"वहिनी, लोक खोदून खोदून विचारतात हो. काहीतरी घालावं लागतं ना त्यांच्या पदरात!"

जिवंतपणी उस्ताद एक दिवस आजारी पडले नव्हते, आणि गेल्यावर दर आठवड्याला नवं दुखणं. एकदा वहिनींना हसू आवरेना. हसता हसता वाटलं, आता हे ऐकायला ते असते तर! मग हसू कुठल्या कुठे गेलं.

असे महिने गेले. जुने चेक संपले. मग एक चेक असा आला की त्यातल्या एकाही जोडाला उस्तादांचा हात लागलेला नव्हता. कापणं, शिवणं, ठोकणं, पॉलिश, सगळं वहिनींचं. आणि चेकवर नाव उस्तादांचं. वहिनी तो समोर ठेवून बसून राहिल्या. आनंद व्हायला हवा होता, बाईने एकटीने काम ओढून नेलं होतं. पण आपण मेलेल्या माणसाचं घेतोय की तो आपलं घेतोय, हेच त्यांना कळेना. हा शेवटचा, असं म्हणून त्यांनी तो पेटीत टाकला. पुढचाही हा शेवटचाच म्हणून टाकला.

आणि मग शाळेतल्या बाई आल्या.

ह्या बाई उस्तादांच्या जुन्या गिऱ्हाईक. डावा पाय जन्मापासून आखूड. सातवीत असताना पहिला जोड उस्तादांनी करून दिला, तेव्हापासून दुसऱ्या कुणाचा बूट पायात घातला नाही. गाडीतून उतरल्या त्या काठी टेकत, पायाला हे एवढं बँडेज. दारातच हातातली पिशवी उलटी केली. त्यातून वहिनींनी चार आठवड्यांपूर्वी पोचवलेला बूट पडला. आतल्या अस्तरावर वाळलेल्या रक्ताचा तपकिरी डाग होता.

"उस्तादांना बोलवा," बाई म्हणाल्या.

"बाई, त्यांना बरं नाही हो."

"ते ऐकलंय मी. मला दोन मिनिटं पुरेत. हे त्यांनी केलं? बघा तरी! मधे माझं गुडघ्याचं ऑपरेशन झालं, पाऊल सुजतं हल्ली. एकदा चालवून बघितलं असतं तर आंधळ्यालाही कळलं असतं. आणि मी तरी कशी! पहिल्या दिवशी चावला तेव्हा स्वतःलाच म्हटलं, अगं, उस्तादांचा बूट आहे, तुझ्याच पायाचं काहीतरी चुकत असेल. आठवडाभर तशीच वर्गात उभी राहिले. आता डॉक्टर म्हणतात, जखम आत गेलीय. महिनाभर पाय टेकायचा नाही."

वहिनींनी बूट उचलून आतून बोट फिरवलं. भिंतीवरच्या फर्म्यावर तो बूट बिनचूक बसला होता. फर्मा जुना होता आणि पाय नवा.

आवाज ऐकून टायरवाला पुढच्या दुकानातून धावत आला. आला तो आगीत तेल घेऊनच. "अहो बाई, रागावू नका हो. म्हातारा माणूस. हात थरथरतात त्यांचे हल्ली. चमचा धरवत नाही. वहिनीच भरवतात."

"मग सोडून द्यावं माणसाने!" बाईंचा आवाज चढला, पण डोळे भरून आले होते. "मी हॉस्पिटलात सांगून आलेय, उस्तादांचा हात गेला, त्यांना यापुढे काम देऊ नका. इतकं वाईट वाटलं सांगताना! पण सांगितलं."

उस्तादांचा हात गेला.

वहिनींनी आजवर पुष्कळ गिळलं होतं. कंबर गिळली, खोकला गिळला, डोळे गिळले. हे घशाखाली उतरेना. ज्या हाताने सगळा जन्म दुसऱ्यांचे पाय सावरले, तो हात आता गावभर थरथरत फिरणार, आणि का, तर आपल्याला वर्षभराचं भाडं सुटावं म्हणून!

"गप्प बसा तुम्ही!" त्या टायरवाल्यावर अशा कडाडल्या की तो दोन पावलं मागे सरकला. "हात थरथरतात म्हणे! कधी थरथरले नाहीत त्यांचे हात. मेले तेव्हासुद्धा चामड्याची गुंडाळी अशी धरली होती की सोडवायला दोन माणसं लागली. ते नाहीत, बाई. गेले. वर्ष होईल आता. हा बूट मी केलाय. तुमचं रक्त माझ्या बुटाने काढलं. काय बोलायचं ते मला बोला, त्यांना काही म्हणू नका."

बाई मटकन स्टुलावर बसल्या.

"मला कुणी कळवलंसुद्धा नाही," बाई म्हणाल्या.

"कुणालाच नाही कळवलं."

"आणि ते खोकत होते, त्यांचं ऑपरेशन..." बाईंनी टायरवाल्याकडे बघितलं. टायरवाला एका जुन्या टायरची नक्षी अतिशय बारकाईने तपासत होता.

वहिनींनी सगळं सांगितलं. खिडकी, चेक, पेटी, काही शिल्लक ठेवलं नाही. बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "वहिनी, आधी सांगितलं असतंत तर मी आले असते का तुमच्याकडे?"

"नसता आलात."

"नसते आले. पण पाय धड राहिला असता." हे त्या रागाने बोलल्या नाहीत, म्हणून जास्त लागलं. "निदान मला चालवून तरी बघायचं होतंत."

वहिनींनी मान खाली घातली.

दुसऱ्या दिवशी त्या खिडकीशी गेल्या. पर्समध्ये अजून न भरलेला एक चेक होता. कारकुनाने वर न बघता विचारलं, "काय वहिनी, उस्ताद बरे ना?"

"नाहीत. गेले."

कारकुनाने वर बघितलं. पहिल्यांदाच. आधी त्याला वाईट वाटलं, मग तो घाबरला, मग चिडला. "अहो मग इतके दिवस चेक कुणी नेले? माझी नोकरी घालवता की काय!"

"मी नेले, मीच भरले, पैसे मीच काढले. तुमचं काही चुकलेलं नाही, तसं मी तुमच्या साहेबांना सांगेन. पण त्या शाळेतल्या बाईंनी काल इथे जे सांगितलंय ना, की उस्तादांचा हात गेला, ते आधी पुसा. तो बूट त्यांचा नव्हता."

"ते सोडा हो वहिनी, इथे गळ्याशी आलंय आणि तुमचं काय!"

"ते सोडायला नाही आले मी. तेवढ्याचसाठी आले."

साहेब तसा बरा माणूस होता. आरडाओरडा केला नाही. उस्तादांच्या हातच्या कामाचे पैसे त्यांच्या वारसाचे, म्हणजे कागद झाले की वहिनींचेच. नंतरच्या कामाचे मात्र जमतील तसे परत करा, म्हणाला. हातातली कामं तो मोठ्या कारखान्याकडे पाठवणार होता. वहिनींनी विचारलं, माझ्या नावाने काम मिळेल का? त्याने पेन टेबलावर ठेवलं. "तुम्हीच सांगा, ह्या सगळ्यानंतर मी कुठल्या तोंडाने देऊ?" वहिनींना ते पटलं, हेच तर वाईट. त्यांनी चेक टेबलावर ठेवला. साहेबाने त्यावर दोन रेघा मारून तो रद्द केला.

बँकेतली मुलगी हळू आवाजात बोलली. वाईट झालं, म्हणाली, आणि कार्ड कापून टाकलं. खातं बंद झालं.

दीर संध्याकाळी येऊन थयथयाट करून गेला. "हातचं घालवलंस सगळं! कुणी विचारलं होतं तुला?"

"तुझ्या दादाला नावं ठेवत होते."

"अगं, दादा नाही आता! त्याला काय फरक पडतो?"

"मला पडतो," वहिनी म्हणाल्या. दीर पाणी पिऊन गेला.

एवढ्यावर सुटलं असतं तरी चाललं असतं. पण वहिनींच्या जिवाला घोर लागला. शाळेतल्या बाई भांडायला आल्या म्हणून कळलं. बाकीच्यांचं काय? उस्तादांचा बूट आहे म्हणून आणखी कोण कोण मुकाट्याने पाय सोलून घेत बसलं असेल? वर्षभरात केलेले सगळे जोड त्यांना तोंडपाठ होते. पिशवीत टेप आणि रापी टाकून त्या दारोदार फिरायला लागल्या. बूट बघायचा, पाय बघायचा, आणि सांगायचं. कुणी दार लावून घेतलं, कुणी शिव्या घातल्या. एका बाईने रडत रडत चहा पाजला. दोघांचे बूट खरंच चुकलेले निघाले. तिथे वहिनींनी बूट परत घेतले आणि माफी मागितली.

शेवटचा जोड एका म्हाताऱ्याचा होता. हा गृहस्थ जन्मभर एका मोठ्या इमारतीत लिफ्ट चालवायचा, आणि स्वतः राहायचा तिसऱ्या मजल्यावर, जिथे नुसता जिना. पाय मोडून दोन बोटं आखूड झालेला. त्याने दार उघडलं तेच तोंडभर हसत. बूट पायात होते. घरातसुद्धा!

"वहिनी! या, या. अहो, तुमचीच आठवण काढत होतो. थांबा, आत येऊ नका, तिथेच उभ्या राहा. गंमत दाखवतो." आणि म्हातारा जिना उतरायला लागला. एक मजला खाली गेला, वळला, वर आला. कठड्याला हात न लावता. धाप लागली होती, पण चेहरा नुसता फुललेला. "बघितलंत? कठडा नाही धरला! पाय मोडल्यापासून पहिल्यांदा. मागचा जोड छान होता, पण हा म्हणजे कमाल आहे. उस्तादांना सांगा, आजारी असून काय काम केलंयत! माझा नमस्कार सांगा त्यांना."

वहिनींनी वाकून बघितलं. टाच दोन्हीकडे सारखी झिजत होती. चामडं पायावर चढलं होतं, कुठे चुणी नाही, कुठे ताण नाही. मनात आलं, इथे कशाला सांगायचं? इथे कुणाचं काय बिघडलंय? नमस्कार घ्यावा आणि जिना उतरावा. आलं मनात, का येऊ नये? त्याही माणूसच होत्या.

पण पुढच्या वेळी हा म्हातारा आवारात येणार, उस्तादांना विचारणार, आणि परत तेच सुरू. त्यांनी सांगून टाकलं.

म्हाताऱ्याचा हात आपोआप कठड्यावर गेला. तो पायरीवर बसला. उस्तादांसाठी हळहळला, अगदी मनापासून. मग थोड्या वेळाने त्याने विचारलं, "मग हे... हे तुम्ही केलेत? एकटीने?"

"हो," वहिनी म्हणाल्या. म्हणताना नाही म्हटलं तरी आवाजात थोडं काहीतरी आलंच.

म्हाताऱ्याने आपल्या पायांकडे बघितलं. कुणाचे तरी परके बूट चुकून आपल्या पायात आलेत, असं बघितलं. मग वाकून त्याने नाडी सोडायला घेतली.

"अहो, टोचतायत का कुठे?"

"नाही."

"मग राहू द्या ना! चांगले झालेत. आत्ता तुम्हीच म्हणालात."

"म्हणालो हो. पण तेव्हा मला ठाऊक नव्हतं." त्याने दुसऱ्या बुटाची नाडी सोडली. "माझा एकच पाय धड उरलाय, वहिनी. रागावू नका. भीती वाटते."

त्याने बूट रुमालाने पुसले, जोडी नीट लावली आणि दोन्ही हातांनी वहिनींच्या पुढे धरली. अगदी आदराने. मग कठडा धरून, नुसत्या मोज्यांवर, एका बाजूला झुकत झुकत तो घरात गेला.

वहिनी एक मजला उतरल्या आणि त्यांना पुढे उतरवेना. तिथेच पायरीवर बसल्या. उस्ताद गेल्यापासून त्या पुष्कळ रडल्या होत्या, मशीनसमोर, पेटीसमोर, रिकाम्या दुपारी. ते सगळं रडणं उस्तादांसाठी होतं. आज पहिल्यांदा त्या स्वतःसाठी रडल्या. बूट चांगले झाले होते हो. खरंच चांगले झाले होते.